न आलेल्या उत्तराचे प्रामाण्य

एका संगणकाने दुसऱ्याकडे जोडणी मागितली आणि उत्तर आले नाही, तर त्यावरून नेमके काय सिद्ध होते? पलीकडचा संगणक बंद असेल. तो चालू असेल, पण हवी ती सेवा सुरू नसेल. निरोप वाटेतच हरवला असेल, किंवा पोचूनही त्याचे उत्तर परतीच्या वाटेवर अडले असेल. मध्ये बसून वाहतूक गाळणाऱ्या फायरवॉलने तो मुद्दाम गिळलाही असेल. या सगळ्या शक्यतांत मागणाऱ्याच्या पडद्यावर बहुधा एकच ओळ उमटते: टाइमआउट. नेटवर्क दुरुस्त करणाऱ्यापुढे हा प्रश्न रोज येतो. भारतीय दर्शनांत त्याच्यावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे. एखादी वस्तू न दिसणे, म्हणजे तिची अनुपलब्धी, हे ती वस्तू नसल्याचे प्रमाण ठरते काय, आणि ठरत असेल तर कोणत्या अटींवर, हा त्या वादाचा विषय. ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चाही अखेर याच प्रश्नापाशी येऊन अडली. त्यामुळे फायरवॉलच्या निमित्ताने तो तपासणे वाटते तितके विचित्र नाही.

प्रश्नाचे सर्वांत साधे रूप बजाजनगरसारख्या ठिकाणी दिसते. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती सुटे भाग पुरवणारी लहानमोठी युनिट उभी राहिली आणि कामगारांच्या राहण्यासाठी बजाजनगर वाढले. अशा एखाद्या युनिटमध्ये मालाची नोंद एका संगणकावरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये असते आणि चलने-बिले दुसऱ्या टेबलावरून निघतात. राउटर बदलला जातो आणि दुसऱ्या दिवशी बिलाच्या संगणकाला सर्व्हर सापडेनासा होतो. गाडी भरून उभी असते, बिल निघत नाही आणि पहिले वाक्य ठरलेले असते: ‘सर्व्हर डाउन आहे.’ प्रत्यक्षात सर्व्हर ठणठणीत असू शकतो. नवा राउटर दिसला की विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजते आणि पुष्कळदा ‘पब्लिक’ वर्गात टाकते. मग केवळ ‘प्रायव्हेट’ वर्गासाठी दिलेली १४३३ क्रमांकाच्या पोर्टची, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर ज्या दारावर ऐकतो त्याची, परवानगी लागू होत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे विधान म्हणजे न दिसण्यावरून नसण्याकडे मारलेली उडी आहे. ती केव्हा वैध आणि केव्हा अवैध, एवढेच तपासायचे आहे.

त्याआधी नकार आणि मौन वेगळे काढावे लागतात. टीसीपीची जोडणी तीन पायऱ्यांत होते: मागणाऱ्याचे ‘सिन’, पलीकडचे ‘सिन-अ‍ॅक’ आणि पुन्हा मागणाऱ्याचे ‘अ‍ॅक’. संगणक चालू आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, अशा वेळी तो सहसा ‘रिसेट’ पाठवतो आणि पडद्यावर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येते. हा नकार माहितीने भरलेला असतो. पत्ता लागतो, जाण्यायेण्याची वाट शाबूत आहे आणि पलीकडे उत्तर देणारे कोणीतरी आहे, हे त्यातून कळते. फायरवॉलला ‘रिजेक्ट’ करायला सांगितले तर तीही असा नकार देते. ‘ड्रॉप’ सांगितले तर निरोप नाहीसा होतो आणि मागणारा वाट पाहत बसतो. लिनक्सच्या बराच काळ रूढ असलेल्या मांडणीत पहिल्या ‘सिन’नंतर १ सेकंद, मग २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे अंतर ठेवून तेच पुन्हा विचारले जाते आणि सुमारे १२७ सेकंदांनी नाद सोडला जातो; विंडोजवर हा काळ साधारण २१ सेकंदांचा असतो. म्हणून अनुभवी माणूस त्रुटीच्या संदेशाच्या आधी घड्याळ पाहतो. क्षणात आलेले अपयश आणि रेंगाळून आलेले अपयश ही दोन निराळी ज्ञाने आहेत.

तरीही मौनाचा अर्थ सरळ नाही. विंडोजची फायरवॉल पोर्टवर कोणी ऐकत नसले तरी बाहेरच्याला ‘रिसेट’ जाऊ देत नाही. त्यामुळे सेवाच सुरू नसणे आणि सेवा अडवली जाणे ही दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. यूडीपीत तर सगळे उलटे होते. तिथे बंद पोर्टकडून ‘पोर्ट अनरीचेबल’ असा निरोप येण्याची शक्यता असते, पण उघडे पोर्ट अपेक्षित प्रश्न न मिळाल्यास गप्प राहू शकते. म्हणजे तिथली शांतता दार उघडे असल्याचीही खूण असू शकते. १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘एनमॅप’ हे पोर्ट तपासण्याचे साधन या बाबतीत मोठे प्रामाणिक आहे. उघडे आणि बंद या दोन उत्तरांवर ते थांबत नाही. त्याच्याकडे ‘फिल्टर्ड’ असा निर्णय आहे, आणि ‘उघडे किंवा फिल्टर्ड’ असा निर्णय न देण्याचा निर्णयही आहे. संशयाला स्वतंत्र खाना देणारी साधने थोडी असतात.

आता तो जुना वाद. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला प्रत्यक्ष, अनुमान वगैरेंहून वेगळे, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. जमिनीवर घट नाही हे ज्ञान डोळ्यांनी होत नाही, कारण डोळ्याचा संबंध जमिनीशी येतो, ‘नसण्या’शी येत नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, अभाव हा खरा पदार्थ मानला, पण त्याचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते असे म्हटले. अनुपलब्धी त्यांच्या मते प्रत्यक्षाची मदतनीस आहे. मीमांसेतल्याच दुसऱ्या पंथाने, प्राभाकरांनी, आणखी काटकसर केली. घटाचा अभाव म्हणजे नुसती रिकामी जमीन, त्याहून निराळे काही नाही, असे त्यांचे म्हणणे. तिघांचे भांडण कडाक्याचे असले, तरी अनुपलब्धीला निर्णायक मानणाऱ्यांना एक अट मान्य करावी लागली: ती योग्य असली पाहिजे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे कोणी म्हणत नाही.

फायरवॉलचे काम नेमके हीच अट मोडण्याचे आहे. ती आतल्या सेवांना अयोग्य करते. त्या असतात, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या असत्या तरी दिसल्या नसत्या. त्यामुळे बाहेरच्याच्या न दिसण्यातून पुराव्याचे बळ निघून जाते. नेटवर्कच्या तपासात लोक सर्रास ‘पिंग’ करून पाहतात आणि उत्तर नाही म्हणून यंत्र बंद असल्याचे ठरवतात. पण विंडोजची फायरवॉल अनेक मांडण्यांत ‘पिंग’ अडवते आणि तरीही दुसऱ्या पोर्टवरची सेवा सुरळीत चालू ठेवते. उलट ‘पिंग’ला उत्तर येते म्हणून १४३३ उघडे आहे, हेही तितकेच चुकीचे. ‘पिंग’ ही आयसीएमपीची साद आहे आणि हवे असते टीसीपीचे पोर्ट. घराच्या पुढच्या दारावर थाप मारून मागचे दार उघडे आहे की नाही हे कळत नाही.

धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी हा मुद्दा जास्त बारकाईने मांडला. तेही साधारण सातव्या शतकातले. बजाजनगरहून फार दूर नसलेल्या वेरूळच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरली जात होती त्याच्या आसपासचा हा काळ. ‘न्यायबिंदू’त त्यांनी अनुपलब्धीचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला कार्यानुपलब्धीचा प्रकार फायरवॉलच्या अभ्यासकाने पाठच करावा असा आहे. धूर नाही, यावरून काय सिद्ध होते? धुराचे कारण नाही, असे धर्मकीर्ती म्हणत नाहीत. ज्याचे सामर्थ्य अडलेले नाही असे धुराचे कारण इथे नाही, एवढेच ते म्हणतात. कारण असेलही, पण अडलेले असेल. सर्व्हरकडून उत्तर नाही यावरून ‘सर्व्हर नाही’ एवढी मोठी मजल मारता येत नाही. ‘अडथळ्याविना काम करणारा सर्व्हर नाही’ एवढेच हाती लागते. दुरुस्तीचे पुढचे सगळे काम या एका विशेषणाच्या आत घडते.

त्यांची दुसरी सूचना पद्धतीची आहे. रिकाम्या जमिनीवर घट नाही हे ठरते, कारण घट असता तर जमिनीबरोबर त्याच एका ज्ञानात दिसला असता, आणि जमीन तर दिसते आहे. अभावाला बळ येते ते त्याच्यासोबत जे दिसले त्यातून. ‘टीसीपीडंप’ किंवा ‘वायरशार्क’ने तारेवरची वाहतूक टिपताना नेमका हाच विवेक लागतो. सर्व्हरवर टिपण सुरू केले, दहा मिनिटे काहीच उमटले नाही आणि तंत्रज्ञ म्हणाला, ‘सिन इथवर येतच नाही.’ ते खरे असेल. पण टिपण चुकीच्या कार्डावर लावले असेल, गाळणीत पत्ता चुकला असेल, तरी पडदा असाच कोरा राहतो. गाळणी थोडी सैल करून त्याच कार्डावर त्याच बिलाच्या संगणकाची बाकीची वाहतूक, निदान पत्ता विचारणारे एआरपीचे निरोप, दिसू लागले आणि तरीही १४३३ चे ‘सिन’ दिसले नाही, तरच ते न दिसणे बोलू लागते. कोरे टिपण हा पुरावा नसतो.

हे साधले की शबराच्या मीमांसाभाष्यातला देवदत्त उपयोगी पडतो. देवदत्त जिवंत आहे आणि घरात नाही, म्हणून तो बाहेर असलाच पाहिजे. या तऱ्हेच्या ज्ञानाला मीमांसक अर्थापत्ती म्हणतात. मागणाऱ्या संगणकावरच्या टिपणात ‘सिन’ निघालेले दिसते, सर्व्हरच्या टिपणात पोचलेले दिसत नाही, म्हणून ते मधल्या पट्ट्यात नाहीसे झाले. सर्व्हरवर ‘सिन’ पोचते पण ‘सिन-अ‍ॅक’ निघत नाही, तर दोष सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलकडे किंवा सेवेकडे जातो. ‘सिन-अ‍ॅक’ निघते पण मागणाऱ्याला मिळत नाही, तर परतीची वाट संशयित. हा शेवटचा प्रकार भलताच फसवतो. जोडण्यांची स्मृती ठेवणाऱ्या फायरवॉलला जाण्याची वाट एका बाजूने आणि येण्याची दुसऱ्याच बाजूने दिसली, तर ती न पाहिलेल्या जोडणीचे उत्तर म्हणून ते फेकून देते. दोन इंटरनेट लाइन घेतलेल्या युनिटमध्ये असा घोळ होतो. शोध नेहमी असा दोन टोकांकडून आत यावा लागतो. एका टोकाला बसून केलेला तर्क कितीही चतुर असला तरी त्याला देवदत्त जिवंत असल्याचेच ठाऊक नसते.

अडथळा म्हणजे काय, यावरही शास्त्रकारांनी भरपूर शाई खर्च केली आहे आणि तिचा इथे प्रत्यक्ष उपयोग आहे. अग्नी जाळतो, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर जाळत नाही, असे एक जुने उदाहरण. मीमांसकांच्या मते अग्नीत दाहाची शक्ती असते आणि मणी ती मारतो. नैयायिकांना ही अदृश्य शक्ती नको होती. त्यांच्या मते मण्याचा अभाव हेच दाहाच्या कारणांपैकी एक कारण आहे. अडथळा नसणे ही नुसती पार्श्वभूमी नव्हे, ते कारणसामग्रीतले एक अंग आहे. प्रतिवाद्याने विचारले, मणी असूनही दुसरा उत्तेजक मणी जवळ आणला की अग्नी पुन्हा जाळतो, त्याचे काय? उत्तर आले: उत्तेजक जवळ नसलेल्या मण्याचा अभाव, ते कारण. वाक्य वाचून हसू येते, पण फायरवॉलच्या नियमांची यादी याहून वेगळी नसते. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि जो पहिला लागू पडेल त्यावर थांबतात. ‘सगळे अडवा’ हा नियम असला तरी त्याच्या वर ‘या पत्त्याला १४३३ साठी सोडा’ हा असेल तर जोडणी होते. परवानगी खाली टाकली तर ती असूनही नसल्यासारखी. विंडोजच्या फायरवॉलमध्ये क्रम वेगळा आहे: तिथे स्पष्ट अडवणारा नियम स्पष्ट परवानगीवर सहसा मात करतो, मग तो यादीत कुठेही असो. ‘रूल टाकलाय की!’ असे म्हणणाऱ्याने उत्तेजक आणला आहे. मणी कोणत्या जातीचा आहे हे मात्र पाहिलेले नाही.

अन्वय आणि व्यतिरेक यांनी कारण ओळखण्याची रीत सर्वांना परिचित आहे. फायरवॉल आहे तेव्हा जोडणी नाही, फायरवॉल काढली की जोडणी होते, म्हणून दोष फायरवॉलचा. बजाजनगरच काय, कुठल्याही गावचा तंत्रज्ञ पहिल्यांदा हेच करतो. यात दोन खोट्या वाटा आहेत. विंडोजमध्ये प्रोफाइलवरून, म्हणजे ‘पब्लिक’-‘प्रायव्हेट’ अशा वर्गांवरून, फायरवॉल बंद करणे आणि तिची मूळ सेवाच थांबवणे या निराळ्या गोष्टी आहेत. सेवा थांबवल्याने भलतेच बिघडू शकते आणि मग व्यतिरेक शुद्ध राहत नाही. दुसरी वाट जास्त घातक आहे. जोडणी झाली की काम संपले असे वाटते, फायरवॉल तशीच बंद राहते आणि शोध अर्ध्यावर सुटतो. व्यतिरेकाने फायरवॉल कारण आहे एवढे सांगितले, तिच्यातला कोणता नियम ते सांगितले नाही. मिनिटभर बंद करून पाहायचे, लगेच चालू करायचे आणि मग एक पोर्ट, एक पत्ता, एक प्रोफाइल अशी परवानगी आखून पुन्हा तपासायचे, हाच पूर्ण व्यतिरेक. एसक्यूएल सर्व्हरची स्वतंत्र नाव दिलेली प्रत बसवली असेल तर १४३३ उघडूनही भागत नाही. ती प्रत बदलते पोर्ट घेते आणि ते कोणते हे यूडीपी १४३४ वर विचारावे लागते.

अभावाचे चार प्रकार न्यायशास्त्र सांगते. प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्याआधीचे नसणे, आणि अत्यंताभाव, म्हणजे कधीच नसणे, हे इथे फार त्रास देत नाहीत. सेवा सुरूच केलेली नाही, किंवा त्या नेटवर्ककडे वाटच नाही, हे लवकर सापडते. प्रध्वंसाभाव मात्र छळतो. होती ती जोडणी नाहीशी झालेली असते. स्मृती ठेवणारी फायरवॉल निवांत पडलेल्या जोडणीची नोंद ठराविक मुदतीनंतर पुसते; पुष्कळ फायरवॉलमध्ये ही मुदत तासाभराची असते. टीसीपी स्वतः मात्र जोडणी जिवंत आहे का हे रूढ मांडणीत दोन तासांनी विचारते, तेही विचारायला सांगितले असेल तर. दोन्ही टोकांना जोडणी आहे असे वाटत राहते आणि मधल्याने ती केव्हाच विसरलेली असते. जेवणाच्या सुट्टीनंतरच सॉफ्टवेअर अडकत असेल तर बहुधा हेच.

अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे, तोही दगा देतो. उत्तर येते, पण भलत्याकडून: एकच आयपी पत्ता दोन यंत्रांना दिला गेला किंवा राउटरने पोर्ट चुकीच्या यंत्राकडे वळवले. इथे मौन नसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. आणखी एक अर्धवट अभाव आहे, त्याला शास्त्रात नाव नाही. जोडणी होते, लहान निरोप जातात, मोठी फाइल मात्र लटकते. इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइटची, पीपीपीओईच्या लाइनवर ती १४९२ ची. पाकीट मोठे आहे, लहान करा, असे सांगणारा आयसीएमपीचा निरोप एखादी फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली अडवते आणि पाठवणारा तेच मोठे पाकीट पाठवत बसतो. अडचण सांगणाऱ्यालाच गप्प करणारी ही काळजी तंत्रज्ञांनी कधीच सोडून द्यायला हवी होती.

कुमारिलांचा एक युक्तिवाद नोंदवह्यांना, म्हणजे लॉगला, लागू पडतो. सकाळी एखादे ठिकाण पाहिले. नंतर कोणी विचारले, तिथे अमुक माणूस होता का? तेव्हा स्मरणातून कळते की नव्हता. त्या क्षणी डोळ्यांचा त्या जागेशी काही संबंध नसतो, म्हणून हे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे, असा त्यांचा दावा. कालच्या लॉगमध्ये अडवल्याची नोंद नाही, म्हणून फायरवॉलने अडवले नाही, हा निष्कर्ष त्याच जातीचा आहे आणि त्याचीही अट तीच: अडवले असते तर नोंद झाली असती का? विंडोजची फायरवॉल अडवलेल्या पाकिटांची नोंद आपणहून ठेवत नाही. ती सुरू करावी लागते. न सुरू केलेल्या लॉगचे मौन म्हणजे न पाहिलेल्या जागेचे स्मरण.

अडवणाऱ्याने नकार द्यावा की मौन पाळावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अनोळखी जगासमोर मौन समर्थनीय ठरते, कारण नकारातूनही घरात काय आहे ते कळते. पण एकाच कचेरीच्या दोन टेबलांमध्ये ‘ड्रॉप’ लावणे हा शुद्ध जाच आहे. तिथे कोणापासून काही लपवायचे नसते आणि बिल काढणाऱ्याची मिनिटे मात्र फुकट जातात. आत ‘रिजेक्ट’, बाहेर ‘ड्रॉप’ ही वाटणी म्हणून योग्य वाटते.

या सगळ्याची सर्वांत गंभीर आवृत्ती देवाविषयीची आहे. चार्वाक म्हणाला, ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही. न्यायाचार्य उदयनांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, त्याला योग्यतेच्या अटीवरच पकडले. जे दिसण्यायोग्य आहे तेच न दिसल्याने नाकारता येते. ईश्वर मुळात इंद्रियांना दिसण्यायोग्य नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. नुसते न दिसणे पुरत असेल, तर चार्वाकाने घराबाहेर पाऊल टाकताच बायकामुले दिसत नाहीत म्हणून ऊर बडवून रडावे, अशी टवाळीही त्यांनी केली. युक्तिवाद चोख आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. न दिसण्याने ईश्वर नाकारता येत नसेल, तर नवस फळला नाही म्हणून देव रुसला, हेही म्हणता येत नाही. बजाजनगरजवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला प्रचंड गर्दी लोटते. त्या गर्दीतल्या अनेकांची मागणी पुरी झालेली नसते आणि तरी ते पुढच्या वर्षी येतात. टीकाकार याला अंधश्रद्धा म्हणतो. पण निरुत्तर राहण्याला पुराव्याचे बळ न देणे तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे. सदोष ठरते ते त्याच मौनाला ‘देवाची इच्छा’ असा निश्चित मजकूर जोडणे.

साम्य इथे संपते. फायरवॉलमागच्या सर्व्हरची अयोग्यता तात्पुरती असते. किल्ली हाती असलेला माणूस आत बसतो, टिपण लावतो आणि अयोग्य ते योग्य करतो. ईश्वराच्या बाबतीत असे दुसरे टोक उपलब्ध नाही. म्हणून उदयनांना अनुपलब्धीचा आक्षेप परतवून थांबता आले नाही. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, अशा स्वतंत्र अनुमानांचा भार त्यांना पाचव्या स्तबकात उचलावा लागला. कुमारिलांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र नाकारला. उदयनांनी तो मान नाकारला आणि ईश्वर राखला. योग्यतेची अट दोघांनाही मान्य होती.